ओथाची जागा

मेम्फिस, ९ ऑक्टोबर १९६६

ती. ओथादादास,
व्हिनीचा सा. न. वि. वि.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, आधी कान पकडते. लाँड्रीतून सुट्टी मिळेना, आणि मिळाली ती सगळी एका कामात गेली. दादा, मी रेकॉर्ड काढली. थट्टा नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा लूशियस मला त्याच्या ओळखीच्या स्टुडिओत घेऊन गेला. पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं, अजून कातड्याचा वास येतो. वाजवणारे चौघे, दोघे गोरे, दोघे आपले. सूर लिहिलेला कागद कोणाजवळच नाही. मी गाऊन दाखवायचं आणि त्यांनी चाचपडत मागोमाग यायचं.

गाणं आपलंच, ‘दार लोटलंय’. तू ट्रकवर असायचास तेव्हा ममा म्हणायची ना, कडी लावू नका, ओथा यायचाय, त्यावरून मी जुळवलेलं. चर्चमध्ये आपण म्हणायचो तसंच म्हटलं. मी ओळ टाकायची आणि मागच्या बाकावरून तू उत्तर द्यायचंस, बिनशब्दांचं, नुसत्या गळ्याचं. तर झालं काय, ओळ टाकली आणि सवयीने मी थांबले. तू तिथे नाहीस हे ध्यानातच आलं नाही. ड्रमवाला ठेका धरून राहिला, चार ठोके तसेच गेले. तिन्ही कडव्यांत हीच गत. मी शरमेने म्हटलं पुन्हा घेऊ, तर मालक म्हणाले, खबरदार कोणी हात लावाल तर, हेच ठेवायचं. आता ऐकणाऱ्यांना वाटतं मी नवऱ्याची वाट बघतेय. वाटू दे.

पण ती जागा तुझी आहे, दादा. तू सुटलास की हे गाणं पुन्हा काढायचं, तुझ्या उत्तरासकट. ममा म्हणते तोवर ती देवाकडे जाणार नाही. तिचे गुडघे धरलेत, बाकी खुशाल.

पत्र लहान असलं तरी चालेल, पण पाठव.
तुझी,
व्हिनी

तुरुंगशेती, मिसिसिपी, २० नोव्हेंबर १९६६

चि. व्हिनीस,
अनेक आशीर्वाद.

इथे पत्रं आधी साहेब वाचतात, तेव्हा त्यांनाही नमस्कार.

तुझं गाणं ऐकलं. स्वयंपाकघरात पहारेकऱ्याचा रेडिओ असतो. मी घेवडा वाढत होतो आणि तुझा आवाज आला. नाकात गातेस अजून, ममाने चप्पल फेकून मारली असती. पण ती जागा आली आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं, हातात डाव तसाच धरून. पहारेकरी म्हणाला, गेन्स, तुला कोणी विचारलं होतं? मी म्हटलं, हो साहेब, माझ्या बहिणीने. आठवडाभर मला कापसाच्या रानात धाडलं, पण त्याचं काही वाटलं नाही.

दहा वर्षं भरली की सुटकेच्या बोर्डापुढे उभं करतात, म्हणजे १९७४. मी माणूस मारला हे मी कोर्टातही नाकारलं नाही. भांडण त्याने काढलं, पण चाकू माझा होता. तेवढं फेडून येतो. तोवर त्या जागेत कोणाला बसू देऊ नकोस.

ममाला मिठी. आठवण ठेवतेस ती तशीच राहू दे.
तुझा,
ओथा

मेम्फिस, २ जून १९६९

ती. ओथादादास,
सा. न. वि. वि.

ममाची तब्येत तशीच. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या पुढाऱ्याला इथे गोळी घातली, तेव्हापासून शहराचं मन कशात लागत नाही, अर्धी दुकानं फळ्या मारून बंद आहेत. लूशियस शिकागोला गेला.

तुला कोणी सांगायच्या आत मीच सांगते, ‘दार लोटलंय’ आता माझं राहिलं नाही. इंग्लंडच्या चार केसाळ पोरांनी ते म्हटलं आणि जगभर गाजलं. तुझ्या जागेत त्यांनी गिटार घातलीय, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी. मग नॅशव्हिलच्या एका गुराखी टोपीवाल्या गवयाने बायकोला बरोबर घेऊन म्हटलं. त्याने ओळ टाकली की ती तिथे म्हणते, आले हं राजा. मी हसून हसून पलंगावरून पडले, आणि मग तिथेच बसून रडले.

परवा क्लबमध्ये मी गायले तेव्हा एका मुलीने येऊन विचारलं, बाई, तुम्ही त्या इंग्लिश पोरांचं गाणं म्हणता, मग मध्येच विसरता का? मी म्हटलं, विसरत नाही गं, थांबते. तिला काही कळलं नाही.

पाच वर्षं गेली, पाच राहिली. तू गळा सांभाळ, बाकीचं मी बघते.
वाट पाहणारी,
व्हिनी

तुरुंगशेती, १४ ऑगस्ट १९७८

चि. व्हिनीस,
आशीर्वाद.

बोर्डाने पुन्हा नाही म्हटलं. चौऱ्याहत्तरला म्हणाले घाई होतेय, या वेळी कारणही दिलं नाही. मयताचा भाऊ दर वेळी येतो, धुतलेला शर्ट घालून समोर बसतो. त्याच्या जागी मीही आलो असतो. ममाच्या मातीलाही मला सोडलं नाही, तेव्हा यांच्याकडून आता काही मागावंसं वाटत नाही.

रानातली आमची कैद्यांची टोळी मोडली. कापूस यंत्रं वेचतात, मी त्यांना तेल घालतो. पूर्वी मी ओळ टाकायचो आणि चाळीस जण कुदळीच्या ठेक्यावर ती उचलायचे. आता यंत्राच्या आवाजात कोण गातो. वर्कशॉपमध्ये दिवसभर रेडिओ चालू असतो. तुझं गाणं सध्या नाचायच्या ठेक्यावर आलंय, कोण्या न्यूयॉर्कच्या बाईचं. माझ्या जागेत वीस व्हायोलिनं आहेत. खरं सांगू का, वाईट नाही. दिवसातून सहा-सात वेळा लागतं, पोरं पाने हातात घेऊन नाचतात.

तुझं मूळचं कोणी लावत नाही. शेवटचं कधी ऐकलं आठवत नाही.

तू मात्र लिहीत राहा, माझी खोली तेवढ्यापुरती मोठी होते.
ओथा

मेम्फिस, ३ मार्च १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन बातम्या आहेत, वाईट आधी सांगते. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सहा जूनला कापायची, नंतर बोलता येईल, गाण्याचं विसरा. मी त्यांना म्हटलं, जग केव्हाच विसरलंय, तुमच्या सुरीला तेवढं श्रेय नको.

दुसरी बातमी अशी की ॲटलांटाहून डेरिक नावाचा एक मुलगा आला होता. जुन्या गाणाऱ्यांच्या रेकॉर्ड काढतो. माझ्याच आवाजात ‘दार लोटलंय’ पुन्हा काढायचं म्हणतो, मे महिन्यात. मी एकच अट घातली, भावाचं उत्तर हवं. तो तयार आहे. तुमच्या पाद्रीबाबांशी त्याने फोनवर बोलणं केलंय, ते टेपरेकॉर्डर घेऊन तुझ्याकडे येतील. सोबत तुला काही ऐकवू नका असं मीच सांगितलंय. तुझं तुला येतंच.

वीस वर्षं राखलेली जागा आहे, दादा. माझा आवाज आहे तोवर भरून दे. तू बाहेर यायची वाट बघण्याइतका वेळ आता माझ्याकडे नाही.

ही माया अशीच असू दे, आणि टेप लवकर येऊ दे.
व्हिनी

तुरुंगशेती, ६ एप्रिल १९८६

चि. व्हिनीस,
आशीर्वाद.

तुझ्या घशाचं वाचून दोन दिवस जेवलो नाही. ममाच्या देवाला आपलंच घर बरं सापडतं.

टेप पाठवली आहे. पाद्रीबाबांनी प्रार्थनेची खोली उघडून दिली. मी दाढी केली, आणि शर्टाला इस्त्री मागितली तर सगळे हसले, टेपमध्ये इस्त्री दिसते का म्हणून. तिन्ही कडव्यांसाठी तीन वेळा म्हटलंय. एकसष्ट वर्षांचा गळा आहे, थोडं खरखरेल. पण बाबांचे डोळे भरून आले, म्हणजे बरं झालं असावं.

चुकलं असेल तर आडपडदा न ठेवता कळव. पुन्हा म्हणेन, इथून कुठे जाणार आहे मी.

तब्येतीला जप, एवढंच मागणं.
ओथा

मेम्फिस, १९ एप्रिल १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू आडपडदा नको म्हणालास. चार दिवस विचार केला की खोटं लिहावं, पण आपण एकमेकांना कधी खोटं लिहिलं नाही आणि आता सुरुवात करून काय मिळवायचं.

दादा, ते तुझं नाही. ते त्या न्यूयॉर्कच्या बाईच्या रेकॉर्डमधलं आहे, व्हायोलिनांचं. सूर न् सूर तोच. तू गायलास फार छान, मी टेपला कान लावून ऐकलं. पण तू चर्चमध्ये म्हणायचास ते हे नव्हे.

तुला चूक दाखवायची म्हणून मी तुझं खरं उत्तर म्हणायला बसले. ओळ टाकली, थांबले, आणि दादा, मला ते येईना. खालून वर जायचं की वरून खाली, तेवढंही आठवेना. वीस वर्षं मी तिथे फक्त थांबतेय. लूशियसच्या बायकोला फोन केला, तर तो जानेवारीतच गेला. ममा नाही, चर्चचा कारभार बघणारे डीकन नाहीत, आपलं चर्चही पाडलं. ती जागा कशाची होती हे ठाऊक असलेलं माणूस आता तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

रेडिओपासून लांब, शांत ठिकाणी बस. डोळे मीट. मागचा बाक आठव, मी पुढे उभी आहे असं समज. येईल तुला. डेरिक वीस मेपर्यंत थांबतो म्हणालाय.

मी तुझ्यावर रागावलेले नाही.
तुझीच,
व्हिनी

तुरुंगशेती, ११ मे १९८६

चि. व्हिनीस,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे बसलो. पाद्रीबाबांनी रोज संध्याकाळी खोली दिली. बाक दिसतो, तुझा पिवळा फ्रॉक दिसतो, ममाचा पंखा हलताना दिसतो. तू ओळ टाकतेस, मी तोंड उघडतो आणि व्हायोलिनं येतात. ती हाकलली तर केसाळ पोरांची गिटार येते. त्यामागे काही नाही, व्हिनी. मी खूप आत जाऊन पाहिलं.

मी ते कधी जपलंच नाही. मला वाटायचं, व्हिनीपाशी आहे. तुला वाटत राहिलं, दादापाशी आहे.

बोर्डाची तारीख पुढच्या वर्षी आहे. मी अर्ज करणार नाही. जूनच्या सहा तारखेला तुला आत नेतील तेव्हा मी इथे गुडघ्यावर असेन, तेवढं मात्र नक्की.

त्या डेरिकला आता ताटकळत ठेवू नकोस. त्याला म्हणावं, तिथे व्हायोलिनंच घाल. निदान तेवढं तरी मला येतं. रेडिओवर लागलं की तुझ्याबरोबर म्हणेन.

आहे तेवढा जीव तुझ्यापाशी.
तुझा दादा,
ओथा