शेवटच्या ओळीपर्यंत

मालवण,
ता. १४ जून १९५८

रा. रा. दत्ताराम भिकाजी परब यांस,

नमस्कार. फोंडाघाटची हवा आपणांस मानवली असेल, अशी आशा आहे. येथे सर्व ठीक. शाळेच्या पश्चिमेकडील भिंतीला नवा गिलावा झाला. तो सरळ नाही, हे गवंड्याला दोनदा दाखवूनही दिसले नाही. आपल्या जागी आलेले शिक्षक वक्तशीर आहेत, परंतु शुद्धलेखनात सैल आहेत.

आता मुख्य वृत्त. फायनलचा निकाल काल लागला. आपल्या सातवीतील मथुरा तांडेल उत्तीर्ण झाली. मराठीत शंभरापैकी एक्क्याऐंशी. निकालाचा कागद मी प्रथम वरून खाली वाचला, नंतर खालून वर, आणि तिचा क्रमांक दोन्ही वेळा सापडल्यावर बाहेरच्या पायरीवर बसलो. मी सहसा पायऱ्यांवर बसत नाही.

या मुलीचे नाव परीक्षेच्या यादीत नव्हते, हे आपणांस ठाऊक नसेल. आपण जानेवारीत गेलात आणि त्यानंतर मी पूर्वपरीक्षा घेतली. नाव मी खोडले होते.

त्या परीक्षेच्या उताऱ्यात आठ कठीण शब्द मी स्वतः शब्दकोशातून निवडून घातले होते. ज्यांच्या घरी शब्दकोश आहे अशा मुलांना तीन-चार आले. मासे विकणाऱ्या गोदूबाईच्या मुलीला सात. मी निष्कर्ष काढला : नक्कल. कोणाची, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. सात शब्द दुसऱ्या कोणालाच आले नव्हते. शिवाय तिने लिहिलेले अर्थ कोशातील भाषेत नसून तिच्या स्वतःच्या शब्दांत होते. बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला एवढे दिसू नये!

दुसऱ्या दिवशी गोदूबाई कट्ट्याच्या बाजाराला न जाता मुलीला घेऊन शाळेत आली. टोपली पायरीखाली ठेवली आणि मला मुख्याध्यापकाच्या, म्हणजे माझ्याच, कचेरीत उभे राहून पुढील संभाषण ऐकावे लागले :

“मास्तरांनु, माझ्या चेडवान चोरी केल्यान म्हणतास, तर कोणाची केल्यान तां सांगा. आमच्या घरात वाचूक म्हणशात तर एक कॅलेंडर आसा.”

“बाई, हा शाळेचा प्रश्न आहे.”

“औंदा ही परीक्षेक बसली नाय, तर फुडल्या वर्सा ही टोपली हिच्या डोक्यार. मगे तुमचा मराठी बांगड्यांक शिकवतली!”

मी मथुरेला फळ्याजवळ बोलावले आणि तत्क्षणी रचून तीन ओळी लिहिल्या : ‘पुत्राचे पत्र न आल्याने तो वृद्ध विमनस्क झाला. समोरचे ताट तसेच राहिले. हाक मारली तरी त्याने मान वर केली नाही.’

“विमनस्क. अर्थ सांग.”

तिची नजर फळ्यावर खाली खाली सरकत गेली.

“पहिल्याच ओळीतला शब्द आहे. खाली काय शोधतेस?”

“शेवटापर्यंत वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, गुरुजी.”

“हा कोणाचा नियम?”

“तिचोच,” गोदूबाई म्हणाली. “गंगूच्या पत्रापासून.”

मग तिने सांगितले. वाडीतील बायकांना मुंबईहून येणारी पत्रे मथुराच वाचून दाखवते. नवरे ती तेथे पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहवून घेतात, आणि तो (गोदूबाईच्या मते) माझ्यासारखाच ‘मोठमोठे शब्द’ वापरतो. मुलगी नऊ वर्षांची असताना शेजारच्या गंगूला पत्र आले : ‘सहदेव ता. ३ रोजी निवर्तले. त्यांची ट्रंक व अंथरूण भाईबरोबर पाठवीत आहोत.’ ‘निवर्तले’ कळले नाही म्हणून मुलीने तो शब्द गाळला. ट्रंक येते म्हणजे नवराच येतो, अशा समजुतीने गंगूने वड्यांसाठी तांदूळ भिजत घातले. मथुरा पत्र धरून उभीच राहिली. माणूस येणार असेल, तर त्याचे अंथरूण दुसऱ्याबरोबर कशाला येईल? ते तिच्या ध्यानात आले, आणि गंगूला तिलाच सांगावे लागले.

मी खडू खाली ठेवला. मथुरेने मात्र उत्तर पुरे केले.

“मन ठिकाणावर नसलेला. जेवण समोर आहे आणि जेवत नाही, हाक ऐकून बघत नाही. आजारी असता तर वैद्याचं काही लिहिलं असतं. मगे मनच खंय तरी दुसरीकडे आसा.”

यादी आधीच तालुक्याच्या कचेरीत गेली होती. तिचे नाव घातलेली नवी यादी घेऊन मी त्याच दुपारी स्वतः गेलो. मुदतीचा शेवटचा दिवस होता; कारकुनाने घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि शिक्का मारला.

फायनलच्या मराठीच्या पेपरानंतर मी तिला विचारले, उतारा कसा गेला. म्हणाली, “एक शब्द सोडला, गुरुजी. त्याच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. उगाच काहीतरी लिहिलं असतं तर ती थाप झाली असती.”

परब मास्तर, आपण वर्गात सांगत असा, ‘अडलेल्या शब्दाची ओळख त्याच्या शेजाऱ्यांना विचारा.’ मी त्याला अंदाजपंचे शिक्षण म्हणत असे. मुलगी जे पत्रांतून शिकली होती, त्याला आपण वर्गात मान दिला होता. त्यावरून मी आपल्याला स्टाफरूममध्ये चारचौघांत हसलोही. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र बरेच आखूड झाले असते.

आपल्या बदलीबद्दल आपण बोर्डाला दोष देत असाल. बोर्डाने केवळ सही केली. अर्ज माझा होता. ‘सदर शिक्षक विद्यार्थ्यांस अज्ञान लपविण्याची युक्ती शिकवितात’ हे वाक्यही माझे. त्या वेळी मला ते रेखीव वाटले होते.

आज सकाळी तो अभिप्राय चुकीचा होता असे बोर्डाला लेखी कळविले आहे. मथुरेची पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका पुरावा म्हणून जोडली. आपल्या परत येण्याची शिफारसही केली. येणे न येणे आपल्या इच्छेवर.

मथुरेचा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. काल मला कित्येक महिन्यांनी भूक लागली. गोदूबाईने घरी सुरमई पाठवली, आणि निरोप : “मास्तरांक सांगा, ही नक्कल नाय, खरी आसा.”

आपण उत्तर धाडले नाही, तर त्या शांततेचा अर्थ मी लावीन, आणि तो बहुधा बरोबरच असेल. याच एका बाबतीत माझे उत्तर चुकावे, अशी इच्छा आहे.

आपली क्षमा मागण्याचे धाडस पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीपर्यंत न झालेला,
शंकर गणेश प्रभुदेसाई