डिंकाचे लाडू कुणाचे

१९ डिसेंबर, शुक्रवार
नणंदबाईंचा फोन. चैतालीताई नाताळच्या सुट्टीत येणार, आठवडाभर. कृपा! शिवाय यंदा नुसत्या जेवून-झोपून जायच्या नाहीत. नाशकात कसलंसं शिबिर केलं, तिथे कळलं म्हणे की माणसाने कृतज्ञ असावं. पन्नाशीत कळलं! तर एकतीस तारखेला सगळ्यांनी गोल बसून आईचे आभार मानायचे. आणि आईला सांग, डिंकाचे लाडू हवेतच.

सांगते हं. आईलाच सांगते.

२० डिसेंबर
लाडू मी करते. निदान इथे तरी लिहून ठेवते.

सासूबाईंचं मनगट मोडलं, त्या वर्षापासून खारका फोडण्यापासून लाडू वळण्यापर्यंत सगळं मी. त्या शेजारी बसून 'आच कमी कर' म्हणतात. पहिल्याच वर्षी चैतालीताईंनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, आईच्या हाताला तोड नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात ताई डोळे मिटतात आणि सासूबाई खिडकीबाहेर बघतात. बाहेर आहे काय, तर वारज्याचं ट्रॅफिक.

संजयलाही माहीत नाही. नवरा आहे, याच घरात राहतो. पण त्याला गॅसचं लायटर कुठे असतं हेही माहीत नाही, तेव्हा राग धरण्यात अर्थ नाही. तरी धरते.

एकदा, फक्त एकदा, सासूबाईंनी चारचौघांत म्हणावं — 'ही करते.' बास!

२२ डिसेंबर
यंदा करणार नाही. ठरलं.

सकाळी सासूबाईंनी विचारलं, डिंक आणला नाहीस अजून? म्हटलं, हिंजवडीहून घरी येईपर्यंत माझाच डिंक होतो. तुम्हीच करा यंदा, ताईंना तुमच्याच हातचे आवडतात. त्या चहा बशीत ओतून प्यायल्या. मला फार बरं वाटलं.

ऑफिसातही तेच खूळ. एच.आर.ची मेल — आयुष्यातल्या तीन गोष्टी लिहा, ज्यांच्याबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात. लिहिलं: शनिवार, रविवार, नाताळ.

२४ डिसेंबर
केले. काय करणार!

घरी आले तर सासूबाई खाली फतकल मारून बसलेल्या, त्या वाकड्या मनगटाने अडकित्त्यात खारीक धरून. एक तुकडा धड होत नव्हता. डिंक शेजारच्यांकडून मागवलेला. 'सरका,' म्हटलं. इतकी चिडले होते, तरी तुपात डिंक असा फुलला की एक खडा कच्चा राहिला नाही. चिडूनसुद्धा चांगलेच होतात मेले!

२५ डिसेंबर
ताई आल्या. चपला काढायच्या आधी डबा उघडला. डोळे मिटले. सासूबाई — खिडकी. मी — भांडी.

२८ डिसेंबर
थंडी. ताई कानटोपी, शाल, दोन स्वेटर घालून गच्चीत फिरतायत आणि म्हणतायत, काय गुलाबी थंडी आहे पुण्याची! आत मी सगळ्यांच्या पोळ्या लाटतेय. मला घाम.

३१ डिसेंबर
गोल बसलो. दिवे घालवून मेणबत्ती लावली. ताईंच्या हातात लाडू. बोलल्या भरपूर — आईच्या हातची माया, ही चव म्हणजे माझं माहेर, वगैरे. संजय चक्क रडला. आमच्या मुलाच्या जन्माच्या वेळी रडला नव्हता.

मग माझी पाळी. दोन गोड शब्द बोलून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "लाडू मी करते. आईंचं मनगट मोडल्यापासून सगळे मीच केलेत."

सासूबाईंनी या वेळी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "खरं आहे. तीच करते."

झालं! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल, निदान एक 'अगंबाई'!

ताईंनी हातातल्या उरलेल्या लाडवाकडे पाहिलं. "तरीच! मला वाटतच होतं, पूर्वीची चव राहिली नाही."

संजय डोळे पुसत म्हणाला, जायफळ कमी पडत असणार. चौथा लाडू खात होता.

मग बहीण-भाऊ दोघं पूर्वीचे लाडू कसे असायचे यावर बोलत बसले. मी आत जाऊन पडले. रडले. आणखी काय!

१ जानेवारी, गुरुवार
ताई गेल्या. लाडवांचा डबा नेला नाही. म्हणाल्या, राहू दे तुम्हालाच.

दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. डब्यातला एक लाडू फोडून अर्धा मला दिला.

"बघितलंस ना? म्हणून सांगत नव्हते मी."