शालूचे सहा ब्लाउज

बाई,

गेल्या आठवड्यात पुतणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. जाडसर हातमागाची राखी साडी, तिच्यावर आईचा जुना खणाचा ब्लाउज, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ आणि पायात रोजचंच पायताण. जेवणाच्या पंक्तीत एक कॉलेजातली पोरगी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही असं भारी आणि साधं एकत्र घालता ना, ते मला फार आवडतं. कुणाकडून शिकलात?" मी म्हणाले, "कुणाकडून नाही गं. सुचत गेलं तसं." ती हसली आणि उठून गेली. माझ्या पानातली जिलबी तशीच राहिली. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली, आणि मी अजून तुमचं ऋण चारचौघांत सांगायला कचरते.

तेव्हा सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. कागलच्या पुढच्या आमच्या खेड्यातून मी एसटीनं कोल्हापूरला कॉलेजला येऊ लागले. घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पहिल्या दिवशी आईनं मला दिवाळीची जांभळी रेशमी साडी नेसवली, तिच्याच काठाचा ब्लाउज, कानात झुबे, गळ्यात बोरमाळ, केसात अबोलीचा गजरा. एसटीत लोक मला जागा देत होते, त्यामुळे मला वाटलं सगळं बरोबर आहे. वर्गात शिरले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी वाजंत्री वाजवल्यासारखा आवाज काढला. मी खाली मान घालून बसले. तेवढ्यात तुम्ही आत आलात, काखेत गुंडाळलेला नकाशा घेऊन. अंगावर इचलकरंजीची जाडीभरडी सुती साडी, मातकट रंगाची, आणि तिच्यावर डाळिंबी रंगाचा, जरीच्या बुट्ट्यांचा झगझगीत ब्लाउज. गळ्यात काही नाही. कपाळावर बारीक काळी टिकली. मनगटावर पुरुषी घड्याळ. मी तुमच्याकडे बघतच राहिले. त्या तासाला तुम्ही नद्या शिकवल्यात की डोंगर, ते आज काही आठवत नाही.

तास संपल्यावर तुम्ही मला बाहेर व्हरांड्यात थांबवलंत. "कुठली गं तू?" मी गावाचं नाव सांगितलं. "साडी सुरेख आहे. झुबेही सुरेख आहेत. पण सगळेच एकदम बोलायला लागले तर ऐकायचं कुणाचं? उद्या यातलं एकच घाल. बाकीचं साधं." मी म्हटलं, "एकच म्हंजे कुठलं, बाई?" तुम्ही म्हणालात, "ते तू ठरव की. कपडे तुझे आहेत."

दुसऱ्या दिवशी मी धुवट पांढरी साडी नेसून फक्त झुबे घातले. आई उंबऱ्यात उभी राहून ओरडत होती, "आगं, ह्ये काय सोंग म्हनायचं? कानात सोनं आन् अंगावर ह्ये फडकं?" मी मागं वळून न बघता स्टँडकडे पळाले. त्या दिवशी वर्गात कुणी आवाज काढला नाही. तुम्ही हजेरी घेताना माझ्या नावापाशी क्षणभर थांबलात आणि मान हलवलीत, एवढंच.

शनिवारी कॉलेज अकराला सुटायचं आणि आमच्या गावची गाडी तीनला होती. मधला वेळ मी स्टँडवर काढते हे कळल्यावर तुम्ही मला घरी घेऊन गेलात. शुक्रवार पेठेत माडीवर दोन खोल्या. त्यातली आतली खोली स्वयंपाकाची, आणि कपड्यांची ट्रंकही तिथंच, पिठाच्या डब्यांशेजारी. मी जमिनीवर बसलेय, वातीच्या स्टोव्हवर चहा उकळतोय, तुम्ही आलं ठेचताय आणि बोलताय. ती खोली मला आजही अशीच दिसते. तिथं तुम्ही मला पुष्कळ शिकवलंत. खणाची चोळी मिलच्या साडीवर कशी उठून दिसते, रेशमी साडी नेसली तर पायात नवे सँडल नकोत, रोजचं पायताण बरं, म्हणजे चाल आपली राहते. इस्त्री मात्र कशालाही चुकवायची नाही. "भारी वस्तू ट्रंकेत ठेवून माणसं म्हातारी होतात," असं तुम्ही एकदा म्हणालात.

एकदा वडील कॉलेजात आले होते, गुळाची ढेप घेऊन. धोतर, मळका सदरा, आणि वर स्वतःच्या लग्नातला काळा कोट. मी त्यांना फाटकापाशीच गाठलं, ढेप घेतली आणि "आता जावा तुमी" म्हणाले. तुम्ही वरून पाहत होतात. खाली येऊन तुम्ही त्यांना चहाला थांबायला सांगितलंत. ते म्हणाले, "न्हाय बाई, बैलं सोडायची हायती अजून." ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात, आणि एवढं रागावलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "लाज वाटली ना तुला? सदरा रानातला आणि कोट लग्नातला. वर्षभर मी तुला दुसरं काय सांगतेय? तुझ्या बापाला ते न सांगता कळतं." मी तिथंच रडले. घरी जाऊन वडिलांना काही बोलले नाही, आणि पुढं ते बोलायचं राहूनच गेलं.

त्यानंतरच्याच एका शनिवारी तुम्ही ट्रंक उघडलीत. आत डाळिंबी कापडाचे तसेच आणखी ब्लाउज होते, घड्या घातलेले. मी विचारलं, "बाई, हे कापड कुठं मिळतं?" तुम्ही म्हणालात, "हे कापड नाही. माझा शालू आहे." मग स्टोव्ह बारीक करून तुम्ही सांगितलंत. लग्नाला दीड वर्ष झालं आणि मालक तापानं गेले. सासरच्यांनी बजावलं, आता जरीला हात लावायचा नाही. तुम्ही माहेरी आलात, शिकलात, नोकरीला लागलात. शालू सहा वर्षं ट्रंकेत. दरवर्षी उन्हात घालायचा आणि परत ठेवायचा. "एका वर्षी उन्हातून काढला आणि कात्री घेतली. सहा ब्लाउज निघाले. शालू नेसले असते तर अख्खी पेठ दारात आली असती. ब्लाउजाला कुणी काही विचारत नाही."

"कापताना रडू आलं?" मी विचारलं.

"पहिल्या कातरीला आलं. मग बेतायचं कसं तेच डोक्यात." तुम्ही झाकण लावलंत. "कॉलेजात कुणाला ठाऊक नाही. मुलींना वाटतं मी बिनलग्नाची. वाटू दे. तुला सांगितलं, कारण तुला कापडातलं कळतं."

बाई, इथंपर्यंत लिहायला सोपं होतं.

दुसऱ्या वर्षी मी बदलले होते. शहरातल्या मुली आता माझ्याकडे वळून बघायच्या. साधी साडी आणि आईची चोळी, किंवा रेशमी साडी आणि वडिलांचं घड्याळ, असं काहीबाही मी घालायची आणि त्या विचारायच्या. पेठेतल्या एका कापडवाल्याची मुलगी त्यांची म्होरकी. तिनं मला डबा खायला बोलावलं, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला. गॅदरिंग जवळ आलं होतं आणि फिशपॉन्डची पेटी फिरत होती. निनावी चिठ्ठीत कुणाचीही टिंगल लिहून पेटीत टाकायची, ती स्टेजवरून वाचायची, हा तेव्हाचा खेळ. डबा खाताना ती मुलगी म्हणाली, "बाईंवर कुणालाच काही सुचंना बघ. तू जातीस की त्यांच्या घरी. तुला म्हाईत असंल काय तर. लिही की!" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी वहीचा कागद फाडला आणि लिहिलं: 'वरती शालू, खाली गोणपाट, बाईंची वरात चुकली वाट.' त्या खो खो हसल्या. शालू हा शब्द त्यांना नुसती थट्टा वाटला. तो खरा आहे हे फक्त मला ठाऊक होतं.

गॅदरिंगच्या दिवशी तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. अंगात तोच डाळिंबी ब्लाउज. स्टेजवरच्या मुलानं चिठ्ठी उघडली आणि दोनदा वाचली, दुसऱ्यांदा ठेका धरून. सगळं सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले. तुम्हीही हसलात, टाळीसुद्धा वाजवलीत. मग तुमचा हात हळूच वर गेला आणि तुम्ही पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलात. जानेवारी होता, पण सभागृहात उकडत होतं. कार्यक्रम संपेपर्यंत तो पदर तुम्ही सोडला नाहीत. मागं वळूनही पाहिलं नाहीत.

सोमवारी तुम्ही फिकट गुलाबी साडी नेसून आलात, तिच्यावर फिकट गुलाबी ब्लाउज. मंगळवारी फिकट निळी, तिच्यावर तसाच निळा. पुढं कायम असंच. डाळिंबी रंग मी तुमच्या अंगावर पुन्हा कधी पाहिला नाही. एक प्राध्यापक माझ्यासमोर तुम्हाला म्हणाले, "बाई, आता कसं शोभतंय." तुम्ही म्हणालात, "हो ना?"

तीन आठवडे मी तुमच्या घरी आले नाही. चौथ्या शनिवारी जिना चढले. मी कबूल करणार होते, रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. तुम्ही दार उघडून म्हणालात, "बरेच दिवस दिसली नाहीस." मी म्हटलं, "बाई, ते गॅदरिंगला..." तुम्ही कप माझ्यापुढं सरकवलात. "चहा निवतोय." मी चहा प्यायले. एकट्या मलाच सांगितलेली गोष्ट स्टेजवरून वाचली गेली, मग ती कुणी लिहिली हे तुम्हाला कळलं नसेल कसं? तरीही मी पुढची कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिले की तुम्हाला कळलं नाही. आणि तुम्ही मला शनिवारचा चहा देत राहिलात. बोलणं मात्र पुस्तकांचं आणि परीक्षेचं. कपड्यांचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत, एकदा सोडून.

शेवटची परीक्षा झाली आणि मला शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं माझ्या हातात दिलंत. आत डाळिंबी ब्लाउज होता, उसवून माझ्या मापाचा केलेला. "माप डोळ्यांनीच घेतलंय. सैल झाला तर टाका घाल. साधी पांढरी साडी नेस आणि हा घाल. घाबरायचं नाही." मी तुमच्या पाया पडले. मान वर करायला मला फार वेळ लागला.

तो मी घातला नाही, बाई. आधी वाटलं, मला त्याचा हक्क नाही. ते थोडं खरं होतं. पण जास्त खरं हे, की समोरचे लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. टेरिकॉटची पिवळी साडी आणि पिवळाच ब्लाउज घालून गेले. नोकरी मिळाली. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही पहिलं हेच विचारलंत, "घातला होतास?" आणि मी म्हणाले, "हो बाई. सगळे बघत होते." तुमचा चेहरा असा उजळला, जसा गॅदरिंगनंतर मी कधी पाहिला नव्हता.

नोकरी चंदगडला. तिथल्या पावसात कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत, कोल्हापूरला जाणं वर्षातून एकदोनदा. तुमची पत्रं यायची, मी त्रोटक उत्तरं द्यायची. मग एका पावसाळ्यात तुमच्या शेजाऱ्यांचं कार्ड आलं. तुम्ही गेलात त्याला तेरा दिवस होऊन गेले होते. घाटात दरड पडून रस्ता बंद होता, त्यामुळे कार्डही वाटेत अडकून पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेतून पुडकं काढलं, जाडी सुती साडी नेसले आणि तो ब्लाउज घालून शाळेत गेले. बरोबर माझ्या मापाचा होता. टाका घालावा लागला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "आज काय विशेष?" मी म्हणाले, "काही नाही." दिवसभर शिकवलं. त्यानंतर मी परत कधी जुळणारे कपडे घातले नाहीत. लोक म्हणू लागले, यांची काही वेगळीच तऱ्हा आहे. मग म्हणू लागले, छान तऱ्हा आहे. ती तुमची होती. ती मी तुमच्या अंगावरून काढून घेतली आणि स्वतः घातली, असंच मला वाटत आलंय.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुम्ही असतात तरी मी टाकलं नसतं. तुमच्यासमोर बसून मी पुन्हा चहाच प्यायले असते. आजवर ज्या एकदोघांना ही गोष्ट सांगितली, त्यांना मी सांगत आले की मुलींनी भरीला घातलं, वय लहान होतं, हॉल हसला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलींनी भरीला घातलं हे खरं आहे. वय लहान होतं हेही खरं. पण हॉल हसला तेव्हा मला बरं वाटलं होतं, बाई. तुमचा हात पदराकडे जाईपर्यंत मी त्यांच्याबरोबर हसत होते.