नानांच्या कानांसाठी अँटेना

लोणी, ता. १ मार्च १९९८

चि. सोपान यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. ती. आईला नमस्कार सांग, आणि गुडघ्याला तेल लावते का तेही कळव.

मुंबईला जाऊन आले. टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ग्रामसभेतल्या बायांच्या हक्कावर सलग बारा मिनिटं बोलले. शनिवारी, २१ तारखेला, संध्याकाळी साडेसहाला दाखवणार आहेत.

गेल्या जत्रेतलं तू विसरला नसशील. मी इथं ग्रामपंचायतीवर निवडून आले म्हणून माहेरच्या गावानं सत्कार ठेवला. मी बोलायला उभी राहिले आणि आपल्या सख्ख्या चुलत्यानं, चिमाजीनानांनी, अख्ख्या गावासमोर माइकची वायर उपटली. आमच्या घरातल्या लेकी चारचौघांत गळा काढत नाहीत, म्हणाले. माझं वाक्य अर्धं राहिलं. ते वर्षभर घशात अडकलंय. क्षमेवर मी पुष्कळ वाचलंय सोपान, पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना मुक्या माइकसमोरून खाली उतरावं लागलं नव्हतं.

ही बारा मिनिटं नानांच्या कानावर पडलीच पाहिजेत. ते स्वतःचा टीव्ही मुद्दाम बंद ठेवतील. म्हणून त्यांच्या-आपल्या मधल्या भिंतीच्या अलीकडे, आपल्या घरात, तो लागला पाहिजे. वाटणीत वरचा स्लॅब त्यांना गेला आणि आपला अँटेना त्यांनी दुसऱ्या दिवशी खाली फेकला, हे ठाऊक आहे. तेव्हा घरात ठेवायचा अँटेना बघ. नारायणगावला जा, लावून खात्री कर. पहिल्याच दुकानात चहा पिऊन परत येऊ नकोस.

माया असू दे. नानांवर नसली तरी चालेल.
तुझी ताई,
प्रतिभा

पिंपळवंडी, ता. ९ मार्च १९९८

सौ. ताईस,
सोपानचा शि. सा. न. वि. वि. आई तेल लावते, पण तू विचारल्याचं सांगितल्यापासून. कांदा काढायला आलाय.

नारायणगावला गेणभाऊंच्या दुकानात गेलो. चहा घेतला, पण अँटेना बघून मग. डोक्यावर स्लॅब असताना घरातला अँटेना कशाला, असं त्यांनी विचारलं. भावकीचा विषय काढल्यावर त्यांनी दुसरा चहा मागवला आणि दोन अँटेना पारखायला दिले. एक गोल कड्याचा, एक दोन लांब दांड्यांचा. वायर एक, बूस्टरचा डबा एक.

चार दिवस घरभर फिरवले. खिडकीत ठेवले, कपाटावर ठेवले, पिठाच्या डब्यावरही ठेवून पाहिले. सगळीकडं नुसत्या मुंग्या. चाललं ते एकाच जागी, मधल्या भिंतीतल्या कोनाड्यात. पण तिथंही भानगड आहे. कड्याच्या अँटेनाला चित्र स्वच्छ येतं, आवाजाची मात्र फोडणी तडतडते. दांड्यांच्याला आवाज खणखणीत, पण बातम्या बाई देते की बुवा, ते मुंग्यांत कळत नाही. दोन्ही एकाला जमत नाही, आणि गेणभाऊंना एक परत पाहिजे.

आईचं म्हणणं कड्याचा घे, लेकीचं तोंड तरी दिसेल. जुनं उकरू नये, असंही ती म्हणाली. नानांची लंकाकाकू दारात येऊन विचारून गेली की आम्ही भिंतीला रोज काय ठोकतो. खिळा, म्हणालो. कोणता ठेवू ते लगेच कळव.

आशीर्वाद चालू ठेव, ओरडणं जरा कमी कर.
तुझा,
सोपान

लोणी, ता. १३ मार्च १९९८

चि. सोपान यास अनेक आशीर्वाद.
दांड्यांचा ठेव. यात विचार कसला करायचा? आईला माझं तोंड बघायचं असेल तर मी पाडव्याला समोर येऊन बसते. नानांनी माझं तोंड झाकलं नव्हतं, आवाज तोडला होता. तेव्हा आवाजच पोचला पाहिजे, पुरा, शेवटच्या शब्दापर्यंत. टीव्ही भिंतीला टेकव आणि बटण जाईल तिथवर फिरव.

जुनं उकरू नये, हे आईला बरं सुचतं. पुरलं कुणी होतं? माझं तर अजून उघड्यावर पडलंय.

आईची काळजी घे. लोभ तुझ्यावर आहेच, काम झालं की वाढेल.
प्रतिभा

पिंपळवंडी, ता. २२ मार्च १९९८

सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. काम झालं. सांगितल्यापेक्षा जास्तच झालं.

साडेसहाला तुझं नाव पुकारलं आणि आवाज असा फुटला की गल्लीतली माणसं अंगणात जमली. चित्रात मुंग्या, पण तुझा शब्द न् शब्द कळत होता. पलीकडं नानांनी आपला टीव्ही बंद केला. तरी तू बोलतच होतीस. मग त्यांच्या डोक्यात काय आलं, तर आम्ही त्यांच्या अँटेनावर आकडा टाकलाय, विजेच्या तारेवर टाकतात तसा! चोर म्हणून ओरडत ते शिडीनं स्लॅबवर चढले आणि स्वतःच्याच अँटेनाची वायर उपटली. तुझा आवाज चालू. त्यांनी खांब हलवला, लाथ घातली, सगळा सांगाडा खाली अंगणात आपटला. तुझा आवाज चालूच. नेमकी तेव्हा तू म्हणत होतीस की बाईचा माइक बंद करणारा माणूस तिच्या बोलण्याला भ्यालेला असतो. गल्लीतला भिमाजी तर हसून हसून ओट्यावरच बसला.

पण खरं पुढंच आहे. नाना उतरायला वळले, तर शिडी नाही. आईनं ती उचलून घरात आणून आडवी ठेवली होती, दुखऱ्या गुडघ्यानं. आधी त्यांनी मला हाका मारल्या. मग तिला वहिनी म्हणाले, वाटणीनंतर पहिल्यांदा. आईनं डोक्यावर पदर घेतला, अंगणात गेली आणि सांगितलं की प्रतिभा बोलतीय, तिचं व्हऊ द्या. नाना कठड्यावर बसले. सगळं ऐकलं. न ऐकून जाणार कुठं?

तुझं भाषण संपलं. मी शिडी उचलली. आईनं हात धरून खाली ठेवायला लावली. म्हणाली, आता हवामान लागलंय, तेबी पुरतं ऐकू दे त्यांना.

तिची माया तुझ्यावर आहेच, सांगायला नको.
तुझा,
सोपान