रिनाची साक्ष

मूल
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अन्नपूर्णाबाई,

तुले आणि भाऊजींले येशूच्या नावानं सलाम. इथी आम्ही बरे आहो. शेतात लाखोळीची डाळ काढणं सुरू आहे, यांचा गुडघा दुखतेच. तुहा फोन मले लागत नसंल, कारण तुहा नंबर मीच ब्लॉक करून ठेवला. आमच्या चर्चच्या पाळकबाई बल्लारपूरले येऊन राह्यल्या, त्यांच्या हाती हे पत्र देते.

रिनाच्या लग्नाचं काय झालं ते सांगते, पण आधी भांडते.

रिना सिकलसेलची वाहक निघाली, हे मी तुले बहीण म्हणून सांगितलं होतं. तिले स्वतःले काही त्रास नाई, पण नवराही तसाच निघाला तर लेकरू ते दुखणं घेऊन येऊ शकते. आणि तू काय केलं? महिलांच्या प्रार्थनेत उभी राहून "माह्या भाचीसाठी विनंती आहे" म्हणत सगळं ओतलं! अवं, रिनाचं ज्याच्याशी ठरलं त्या प्रफुलची आत्या समोर बसली होती! तुह्या जिभेले काही हाड आहे का नाई वो?

मागल्या आठवड्यात आमच्या घरी प्रार्थना होती. प्रफुलची माय त्याले घेऊन चामोर्शीहून आली. गाणं संपलं आणि तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "कमलाबाई, ऐकलं ते खरं का?" मी म्हटलं, "नाई वो, बहिणीच्या ऐकण्यात चूक झाली." प्रार्थनेले जमलेल्या घरात चक्क खोटं बोलली मी.

आमच्याकडे गाण्यानंतर साक्ष देतात, तुले ठाऊक आहे. कोणाचा ताप उतरला, कोणाचं पोरगं पास झालं. रिना तशीच उभी झाली. "मी वाहक आहे. आईनं भीतीपायी लपवलं. प्रफुलनं तपासून घ्यावं." पोरीचा आवाज जराही हलला नाई. प्रफुल एवढंच बोलला, "तपासतो."

काल तो रिपोर्ट घेऊन एकटाच आला. तोही वाहक.

दोघं अंगणात बसून रडले. तो म्हणे, "करू लग्न, देव पाहून घेईल." रिना म्हणे, "देवानंच दाखवून देल्लं, आता डोळे कसे मिटू? मी चैतूले पाह्यलं आहे." लग्न मोडलं.

घे, आलंच त्याचं नाव. इतका वेळ टाळून राह्यली होती. तुहा चैतू थंडीत हाडं दुखून कसा ओरडे, तू त्याले मांडीवर घेऊन कशी बसे, आणि शेवटी ती मांडी कशी रिकामी झाली, हे मी विसरली नव्हती बाई. मले फक्त पोरीचं लग्न दिसत होतं. तुम्हाले लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. मले ठाऊक होतं, तरी मी झाकत होती.

तरी एक म्हणीनच. भेटलेला उजेड वाटावा, हे खरं. पण हा रिनाचा होता, तिनंच वाटायचा होता. तू आधी मले धरून गदगदा हलवायचं होतं.

रिना कालपासून जेवली नाई. "मावशीले बोलाव" एवढंच म्हणते. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, आणि सख्ख्या बहिणीशी वैर ठेवून मी त्या भाकरीले हात लावणार नाई. शनिवारीच ये. आधी पोरीले पोटाशी घे. मग मी तुह्याशी पोटभर भांडते, मग सोबत जाऊ.

अजून रागातच असलेली, पण तुहीच
कमला