माझे अठरा मार्क

८ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात दिवसभर व्हिसा रिन्यूअलची पत्रं. ‘काइंडली डू द नीडफुल’ किती वेळा टाइप केलं, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण म्हणायची सवय आहे.

घरी आले तर श्रावस्ती दारातच कागद घेऊन उभी. शाळेनं बारावीच्या पोरांसाठी एका परदेशी कॉलेजचा विषय सुरू केलाय. शाळेतच शिकायचं, परीक्षा पास झाली की तीन क्रेडिट, आणि पुढे कॉलेजात ते धरतात. म्हणजे कॉलेजची पायरी चढायच्या आधीच कॉलेजचा एक तुकडा पदरात. विषय समाजशास्त्र. पालकांची सही हवी. तिचे पप्पा, मिलिंद, जुफैर भागातल्या टॉवरवर शिफ्टला, म्हणून मी केली.

सही करताना हात थांबला. का, ते लिहीत नाही.

बरं, लिहिते. समाजशास्त्र माझा विषय होता. अकोल्याला बी.ए. पहिलं वर्ष, चौसष्ट टक्के. मग लग्न, व्हिसा, बहरीन. दुसरं वर्ष पुढच्या वर्षी देऊ म्हणता म्हणता वीस वर्षं झाली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

श्रा. चं पुस्तक लॅपटॉपवरच आहे. ती आंघोळीला गेली की मी दोन पानं वाचते. भांडी पडलेली असतात.

आज सापडलं, ‘असक्राइब्ड स्टेटस’ आणि ‘अचीव्हड स्टेटस’. अर्पित दर्जा, अर्जित दर्जा! आमच्या मॅडम फळ्यावर दोन रकाने काढायच्या. जन्मानं चिकटतो तो अर्पित, आपल्या हिमतीनं मिळवतो तो अर्जित. सगळं आठवलं, मॅडमची निळी साडीसुद्धा.

पुस्तकात अर्पितच्या उदाहरणाला आपल्या देशातली जात आहे. सहा ओळींत उरकलंय. मी श्रा. ला म्हटलं, यावर मी तुला किती सांगू शकते. ती टॉवेलनं केस पुसत म्हणाली, “मम्मी, इट्स जस्ट सिक्स लाइन्स. क्विझला फार तर चार मार्काला येईल.”

चार मार्काला. माझ्या बापाचा सगळा जन्म, पोरी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम. वंदना झाली, खीर झाली, मग गुणवंत मुलांचा सत्कार. श्रा. ला गुलाबाचं फूल आणि पेन. अध्यक्ष माइकवर म्हणाले, आपली लेक कॉलेजात न जाता कॉलेज शिकते आहे. टाळ्या. मीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात. आतून काय होत होतं ते मलाच माहीत.

शेजारच्या बाईंनी विचारलं, “वैशालीताई, लेकीनं नाव काढलं. तुमचं शिक्षण किती?”

“बी.ए.,” मी म्हटलं. ‘पहिलं वर्ष’ हे दोन शब्द खिरीबरोबर गिळले. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. गाडीत म्हणाले, “पोरीचं कौतुक चाललं होतं अन् तू तोंड काऊन पाडून बसली होती वं?”

डोकं दुखतंय म्हटलं.

डोकं नव्हतं दुखत. मला तिचा हेवा वाटतो. पोटच्या पोरीचा. लिहिलं एकदाचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हातून काहीतरी झालंय. नीट क्रमानं लिहिते.

मिलिंद ड्युटीवर. श्रा. सकाळी बॅडमिंटनला गेली, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवून. मी पीठ मळायला घेतलं होतं. स्क्रीनवर चौथी क्विझ दिसली, त्याच धड्यावरची. प्रॅक्टिसच्या क्विझ कितीही वेळा देता येतात हे तिनंच सांगितलेलं. मला वाटलं तशीच असेल. हात धुतले, बसले.

दहा खुणा करायचे प्रश्न. मग एक मोठा, दहा मार्कांचा: अर्पित आणि अर्जित दर्जा तुमच्या ओळखीच्या माणसाच्या आयुष्यातून समजावून सांगा.

मी दादांवर लिहिलं. माझे वडील पोस्टमन. गावात त्यांच्या आधी कुणी आमच्या वस्तीतला माणूस सरकारी कपड्यात फिरला नव्हता. खाकी शर्ट, सायकल, चामड्याची पिशवी. आणि वरच्या आळीत गेले की लोक म्हणायचे, पत्र खाली ठेव. दादा उंबऱ्याबाहेर दगडावर पत्र ठेवायचे, दोन पावलं मागं सरायचे, मग घरातलं माणूस येऊन उचलायचं. वाचता येत नसेल तर त्यांनाच म्हणायचे, वाचून दाखव, पण तिथूनच. इंग्रजीत असं लिहिलं की खाकी शर्ट हा त्यांचा अर्जित दर्जा आणि दगडावरचं पत्र हा अर्पित. एकाच माणसाचे, एकाच सकाळचे.

ऑफिसातलं इंग्रजी, पण ओघात आलं. पीठ वाळून गेलं. शेवटी बटण दाबलं. स्क्रीन म्हणाली, सबमिटेड.

मग वर पाहिलं. एकच अटेम्प्ट. ते आधीपासून तिथं होतं. मी वाचलं नव्हतं का? खरंच नव्हतं वाचलं?

११ ऑक्टोबर, शनिवार

श्रा. क्विझ द्यायला बसली आणि किंचाळली. “इट सेज सबमिटेड! मी उघडलीच नाही!” रडायला लागली. चुकून कोरी गेली असणार, शून्य येणार, क्रेडिट जाणार.

मी कांदा चिरत होते. चिरत राहिले.

मिलिंद तिला समजावत होते, “सर्वरचा लफडा असंन, मिसला मेल टाक, इंशाल्ला होते सारं.” मी दुसरा कांदा घेतला. बाई, तुला आई म्हणायचं की काय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

अठरा. विसापैकी अठरा!

वर्गात सगळ्यात जास्त. पोरीचे आतापर्यंतचे चौदा, पंधरा, चौदा. ऑफिसात तिचा मेसेज आला, ‘आय गॉट १८??’ आणि मी खुर्चीतच हसले. साहेबांनी विचारलं, “क्या हुआ, लॉटरी लगी?” मी म्हटलं, मुलीला चांगले मार्क पडले. म्हणताना वाटलं, कुणाचे मार्क, सांगू का यांना?

संध्याकाळी जिदहफ्सच्या बाजारातून अर्धा किलो ताजी हमूर मासळी आणली. कसला सण, मिलिंदनं विचारलं.

जेवताना श्रा. नं मासा बाजूला सारला. म्हणाली, आज मिस हुदांनी तिला वर्गानंतर थांबवलं. या विषयाच्या बाई, इथल्याच, बहरीनी. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, हबीबती, बाळा, तुझ्या वडिलांबद्दल वाचून मी रडले. असा अपमान सोसून ते रोज पत्रं वाटत राहिले. त्यांना माझा सलाम सांग.

“मी म्हटलं, मिस, माय डॅड इज अ चीफ इलेक्ट्रिशियन. इन जुफैर.”

मिलिंदचा घास हातात.

मी ‘माय फादर’ लिहिलं होतं. माझे वडील. पोरीच्या नावावर बसून मी माझे वडील लिहून आले होते.

श्रा. नं लॅपटॉप आणला आणि उत्तराचा शेवट मोठ्यानं वाचला. शेवटी मी लिहिलं होतं, ‘थँकिंग यू, युवर्स फेथफुली.’

“हू राइट्स दॅट इन अ क्विझ, मम्मी?” ती म्हणाली. मग आवाज खाली आला. “तू शनिवारी बघत होतीस. मी रडत होते आणि तू बघत होतीस.”

मासा तसाच राहिला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मिलिंदचं मत, कोणाले सांगायचं नाही. “मिसला म्हणावं, आज्याची गोष्ट होती, फादर चुकून लिहिलं. खलास. पोरीचं नुसकान काऊन करता?”

श्रा. चंही तेच. शाळेच्या नियमात स्पष्ट आहे, दुसऱ्यानं पेपर दिला तर विषयच रद्द होऊ शकतो, आणि ते कॉलेजच्या कागदावर राहतं. तिचे क्रेडिट, तिचे फॉर्म, सगळं.

मी म्हटलं, नाही, मी जाऊन सांगते. खोटं नको.

श्रा. माझ्याकडे बघत राहिली. “मम्मी, तुला खरं बोलायचं नाहीये. तुला ते अठरा मार्क तुझे हवेत.”

मिलिंद तिच्यावर ओरडले. आईशी असं बोलतात? पण ती बरोबर होती. मिस हुदा रडल्या त्या दादांसाठी आणि सलाम गेला मिलिंदना, हेच मला सहन होत नव्हतं. सत्य वगैरे नंतर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तरी गेले. अर्धा दिवस रजा. वाटेत तीनदा वाटलं, टॅक्सी वळवायला सांगावी. श्रा. बरोबर आली, पण माझ्याशी बोलत नव्हती. गेटवर एवढंच म्हणाली, “माझ्यासाठी सांग. तुझ्यासाठी नको.”

मिस हुदा माझ्याएवढ्याच असतील. मी सगळं सांगितलं. प्रॅक्टिस वाटली म्हणाले, आणि मग तेही दुरुस्त केलं. म्हटलं, मिस, कदाचित मला कळलं होतं. मला द्यायची होती.

मिस हुदा म्हणाल्या, हे मला कॉलेजला कळवावंच लागेल. निर्णय त्यांचा. श्रावस्तीचा दोष नाही हे मी लिहीन, पण विषय ठेवतील की रद्द करतील, सांगू शकत नाही. तोवर ती माझ्यासमोर बसून नवी क्विझ देईल. आणि हे अठरा मला पुसावे लागतील.

“येस, येस,” मी म्हटलं. पुसा. डोळे भरून आले ते नेमके तिथं. पोरीच्या विषयाची बातमी ऐकताना कोरडे होते.

निघताना त्यांनी विचारलं, पोस्टमन तुमचे वडील? हो म्हटलं. तुम्ही पुढे का नाही शिकलात? मी म्हटलं, राहून गेलं. बाहेर बाकावर श्रा. बसली होती. दार उघडं होतं, तिनं ऐकलं असणार.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉलेजचं उत्तर नाही. श्रा. रोज सकाळी मेल बघते, मग माझ्याकडे बघत नाही. लॅपटॉपला नवा पासवर्ड. बरोबर आहे. मांजराला शिंक्याखाली कोण बसवतं.

आज सुटकेस काढली. लग्नाच्या वेळी आणलेल्या कागदांत पहिल्या वर्षाची मार्कशीट सापडली. घड्यांवर पिवळी, पण समाजशास्त्राचा आकडा स्वच्छ. मिलिंदनं हातात घेऊन पाहिली. मला वाटलं, हसतील. म्हणाले, “हे पोरीले दाखवलं कधी तू?”

नाही दाखवलं. अर्धवट गोष्ट काय दाखवायची. पण तिला तीन क्रेडिट कॉलेज सुरू व्हायच्या आधी, आणि माझं अख्खं वर्ष कुठं जमा आहे? कुणाच्या खात्यात? हे मनात आलं की अजून हेवा वाटतो. शरम असूनही वाटतो.

एका मुक्त विद्यापीठाला मेल लिहिला. जुनं पहिलं वर्ष धरता का, विचारलं. ‘थँकिंग यू’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पाठवला नाही अजून.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मार्कशीट टेबलावरच राहिली होती. संध्याकाळी बघते तर जागा बदललेली. श्रा. अभ्यासाला बसलेली, मान खाली.

मी भाकरी वाढताना तिनं अचानक विचारलं, “आजोबा दोन पावलं मागे जायचे, ते कोणी सांगायचं म्हणून की स्वतःहून?”

दोन आठवड्यांतला पहिला प्रश्न. मी म्हटलं, आधी सांगायचे. मग सांगायची गरज राहिली नाही. तिनं दुसरी भाकरी घेतली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज नवी क्विझ झाली. मिस हुदांसमोर, वेळ लावून. कॉलेजचं अजून काही नाही. विषयच रद्द केला तर हे मार्कही फुकट जातील, हे तिला माहीत आहे. तरी गेली.

मी ऑफिसातून लवकर निघून शाळेच्या गेटवर उभी. बाहेर आली. कशी गेली, विचारलं. “ओके.” मोठा प्रश्न? तोच होता, उदाहरण फक्त नवं द्यायचं.

“कुणाचं दिलंस? आजोबांचं?”

“नो. ते तुझं आहे.” चार पावलं गेल्यावर म्हणाली, “तुझं दिलं.”

मी तिथंच थांबले. माझं? माझं कशाचं, अर्पितचं की अर्जितचं? काय लिहिलंस? मार्कशीटचं लिहिलंस? अकोल्याचं?

“मार्क आले की वाचायला देते. आत्ता नाही, मम्मी.”

टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून, मी दुसऱ्या खिडकीकडे. घरी येऊन तो मेल पाठवून टाकला, ‘थँकिंग यू’सकट. दोन्हीकडून उत्तर यायचंय.

एक मात्र खरं लिहून ठेवते, म्हणजे नंतर पलटता येणार नाही. तिला पास व्हावं असं मनापासून वाटतं. कॉलेजनं क्रेडिट द्यावेत, सगळं मिळावं.

पण माझ्यावर लिहून तिला एकोणीस पडले तर पोटात दुखेल. आणि सतरा पडले तर जास्त दुखेल.