चिमीचं रोप अत्यवस्थ आहे

तीर्थस्वरूप ताईच्या सेवेशी, धाकट्या भावाचा गुडघे जेवढे वाकतात तेवढा वाकून नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून फक्त पाहुणे आल्यावरच येतो? आम्ही दोघं खुशाल आहोत. माझा रक्तदाब जागेवर आहे, हिचे दात जागेवर आहेत (बसवलेले असल्यामुळे त्यांना दुसरीकडे कुठे जाता येत नाही) आणि घरात आजारी असं कोणी नाही. एक सोडून. त्याच्याबद्दलच हे पत्र आहे, तेव्हा बसून वाच.

चिमीला नोकरी लागली तेव्हा तू तिला जे रोप भेट दिलंस, ते. सक्युलंट की काय म्हणतात ते, तळहाताएवढं, जाड जाड पानांचं, व्यायाम केलेल्या कोबीसारखं दिसणारं. पोरगी परगावी रुजू व्हायला गेली तेव्हा तिनं लॅपटॉप नेला, उशी नेली, घरातल्या दोन्ही धड छत्र्या नेल्या आणि रोप तेवढं आमच्या गळ्यात घातलं, कारण तिच्या वसतिगृहातल्या खोलीत ऊन येत नाही. (आमच्या घरात ऊन येतं हा शोध तिला चोविसाव्या वर्षी लागला. इतकी वर्षं तिला इथे नुसतं उकडत होतं.) जाताना फ्रिजवर एक कागद चिकटवून गेली. मथळा, 'आई-बाबा, कृपया वाचा.' त्यातल्या 'कृपया'खाली दोन रेघा. खाली फर्मान असं, की माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही. कोरडी झाली का, हे लाकडी काडी खुपसून बघायचं. काडीला माती चिकटून आली तर हात मागे घ्यायचा. घालायचं तेव्हा मात्र भरपूर, कुंडीच्या भोकातून खाली येईपर्यंत, आणि बशीत साठलेलं लगेच ओतून द्यायचं. पानांवर शिंतोडासुद्धा नको. हे सगळं साधारण पंधरा दिवसांतून एकदा, थंडीत त्याहूनही कमी. शेवटची ओळ, 'विसरलात तरी चालेल.'

आता तूच सांग, ही ओळ कुणाला लिहावी? मी बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात रस्त्यावरची झाकणं उचलून व्हॉल्व्ह फिरवले. दहा मिनिटं उशीर झाला तर अख्खी गल्ली बादल्या घेऊन माझ्या कुळाचा उद्धार करायची. ही तीस वर्षं वॉर्डात हेडसिस्टर होती. आमच्या दोघांच्या नोकरीत विसरलं तरी चालेल असं काही कधी नव्हतंच. आणि तू, एवढी झाडांतली जाणकार, भाचीला देण्यासाठी नेमकं असं रोप शोधलंस, ज्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याला कोणाची गरज लागत नाही. तुझ्या निवडीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

मी माझ्यापुरता तो कागद अक्षरशः पाळला. घोळ झाला तो इतरांमुळे. तिसऱ्याच दिवशी हिनं रोपाचं खालचं पान चिमटीत धरून पाहिलं. ते थोडं सुरकुतलेलं होतं. (खालची जुनी पानं सुकतातच, असं मी नंतर वाचलं. मीही खालून सुकतोच आहे, पण मला कोणी चिमटीत धरून बघत नाही.) हिनं जागच्या जागी निदान केलं, शरीरातलं पाणी कमी झालंय. संध्याकाळपर्यंत कुंडीला सुतळीनं तक्ता टांगला गेला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ. किती दिलं, किती बाहेर आलं. खिडकीची फळी ओली होते म्हणून कुंडीच्या भोकावर हिनंच चिकटपट्टी लावून टाकली, आणि मग 'बाहेर आलं' या रकान्यात रोज शून्य पडायला लागलं तेव्हा तिला रोपाच्या मूत्रपिंडाचा संशय यायला लागला. आठव्या दिवशी मी भाजी घेऊन आलो तर खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली लटकलेली. साध्या पाण्यानं भरलेली, नळीचं टोक मातीत, मिनिटाला आठ थेंब. मी नम्रपणे विचारलं, की कागदावर तर भरपूर आणि एकदाच असं लिहिलंय. ही म्हणाली, नातेवाईक काहीही सांगतात.

दुसरे आपले शेजारचे शिंपी. रोज संध्याकाळी पेपर वाचायला येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, पाणी मागतात आणि अर्धा पेला पितात. उरलेला अर्धा वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. सबब तो कुंडीत, तोही थेट पानांच्या मधोमध. मी हटकलं तेव्हा म्हणाले, अहो, दोन बोटं सैल असलेलं केव्हाही बरं. (त्यांनी शिवलेला माझा शर्ट तू पाहिला आहेस. त्यात मी आणि भाऊजी एका वेळी मावतो.) त्यांना दुखवणं बरं दिसत नाही, म्हणून मी पेला लहान केला. ते दोन पेले मागायला लागले.

आणि ताई, मधले काही दिवस रोप इतकं सुंदर दिसत होतं, की काय सांगू! पानं टम्म फुगली, काचेसारखी चमकायला लागली. अंगावर मांस धरलंय, असं ही शिंप्यांना अभिमानानं सांगत होती. मग पानं पिवळी पडली. परवा मंगळवारी मी धूळ पुसायला हात लावला, तर एक पान हातात आलं. मी ते गुपचूप जागेवर टेकवून ठेवलं. दुसरंही आलं. तिसऱ्याबरोबर अख्खं डोकंच आलं, खाली देठ काळा आणि वास पावसात भिजलेल्या मोज्यांचा. हिनं चष्मा लावून नीट पाहिलं, नळी काढली, तक्त्यावर तारीख-वेळ घालून सही केली आणि वॉर्डातल्या जुन्या आवाजात म्हणाली, नातेवाइकांना कळवा. ते कर्तव्य मी या पत्रानं पार पाडतो आहे.

खरी पंचाईत पुढेच आहे. चिमी दर रविवारी फोन करते. पहिला प्रश्न, माझं रोप कसं आहे? बाप कसा आहे, हा प्रश्न चौथा किंवा पाचवा, तोही आईला. पुरावा म्हणून फोटो मागते. आम्ही तिला पहिल्या दिवशी काढलेला फोटोच दर आठवड्याला पाठवत आलो. मागच्या रविवारी म्हणाली, छान राहिलंय हं, इतक्या दिवसांत एक पानसुद्धा इकडचं तिकडे झालेलं नाही. ती भोळेपणानं म्हणाली की वकिली पद्धतीनं, हे आम्ही दोघं अजून ठरवतो आहोत. आता या रविवारी ती स्वतः येते आहे. तीन महिन्यांनी! तिच्या खोलीत आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. जेवायला आपोआप तीन ताटं घेतली जातात, मग एक परत ठेवावं लागतं. तिनं मागे ठेवलेली जिवंत वस्तू ही एवढी एकच होती, आणि दोन अनुभवी माणसांनी मिळून ती बुडवून मारली. हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

असो. तुझ्या कंबरेला जप. भाऊजींना नमस्कार सांग, खोकत नसतील तर.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या गॅलरीत या रोपाची आठ-दहा भावंडं आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यातलं एक शनिवारी सकाळच्या बसनं पाठव. हे पत्रही आजच्या बसनंच येतं आहे. कंडक्टरला सांग, खोक्यावर बसू नका. तळहाताएवढं, टोकं किंचित गुलाबी. कुंडी पाठवू नकोस, जुनी धुऊन ठेवली आहे, भोकावरची पट्टी काढली आहे.

ता. क. २ वर मी कागद अक्षरशः पाळला असं लिहिलं आहे, त्यात थोडी दुरुस्ती. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी एक वाटी पाणी घालत होतो. सवयीनं जाग येते आणि मग कोणाला तरी पाणी सोडल्याशिवाय चैन पडत नाही. हिच्या तक्त्यात याची नोंद नाही. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

ता. क. ३ आत्ताच चिमीचा फोन येऊन गेला. तिला उन्हाची खोली मिळाली. रोप ठणठणीत असेल तर रविवारी सोबत घेऊन जाणार आहे. नाजूक झालं असेल तर इथेच ठेवेल आणि बरं होईपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी स्वतः येऊन पाणी घालेल, आमच्यावर तिचा आता भरवसा नाही म्हणाली. तेव्हा ताई, चांगलं रोप पाठवू नकोस. तुझ्याकडचं सगळ्यात मरतुकडं निवड. मरणारं नको, फक्त लवकर बरं न होणारं. हिचंही हेच मत आहे, पत्र हिनं वाचलं.